मुंबईच्या जवळ

मे महिन्यात चोपड्याला पुतणीचं लग्न होतं. दुपारची पंगत. बट्टी कुस्करून, मधोमध आळं करून त्यात वरण ओतून घेतलं होतं, वरून तूप. घोटलेल्या वांग्याच्या भाजीची बादली घेऊन वाढपी अजून चार पानं लांब होता. मांडवाच्या दोन टोकांना लावलेल्या कूलरमधलं पाणी केव्हाच संपलं होतं, ते नुसती गरम हवा इकडून तिकडे फेकत होते. माझ्या डाव्या हाताला आप्पा. त्यांच्या पलीकडे मुलाकडचे एक पाहुणे, पांढरी टोपी, शिरपूरच्या बाजूचे. त्यांनी वाकून माझ्याकडे पाहिलं आणि आप्पांना विचारलं, हा काय करतो. आप्पांनी माझी पुण्यातली दहा-अकरा वर्षांची नोकरी चार शब्दांत उरकली, आणि मग आवाज किंचित चढवून म्हणाले, "शिकाले लंडनले व्हता. पाच महिना."

पाहुणे "वाऽ" म्हणाले. पंगतीतली तीन-चार डोकी माझ्याकडे वळली. मी बट्टीत बोटं घालून खाली बघत बसलो. वरण चांगलंच गरम होतं, चटका बसत होता, पण बोटं काढून घ्यायचं काही सुचलं नाही.

लंडन मी अजून पाहिलेलं नाही.

मी होतो कोपनहेगनला. २०१४ च्या ऑगस्टअखेरीपासून पुढच्या जानेवारीपर्यंत. एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आमच्या संस्थेतून काही जणांना एका सत्रासाठी परदेशातल्या बिझनेस स्कूलला पाठवत आणि तिकडची मुलं इकडे येत. फी इथलीच भरायची, तिथे द्यायची नाही. राहण्या-खाण्याचं मात्र ज्याचं त्याने बघायचं. गुणांच्या क्रमाने एकेकाला बोलावून पसंती विचारली. वरच्या पोरांनी पॅरिस, मिलान, बार्सिलोना उचललं. माझा नंबर लागेपर्यंत जे दोन-तीन पर्याय उरले होते त्यांत कोपनहेगन बिझनेस स्कूल होतं. मी लगेच हो म्हटलं, फार विचार करून घेतल्यासारखा चेहरा केला, आणि खोलीवर जाऊन डेन्मार्क नेमका कुठे येतो ते नकाशात शोधलं. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आप्पांनी लंडन म्हटल्यावर राग येण्याआधी हेच आठवलं, म्हणून मग राग धड आलाच नाही.

आमचं गाव तापीकाठचं, चोपडा तालुक्यातलं. चार एकर, त्यात केळी. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चात सगळ्या महाराष्ट्रभर गारपीट झाली ती आमच्याही बागेवरून गेली. केळीचं पान फाटलं की त्याच्या चिंध्या होतात, आणि चिंध्या झालेली बाग लांबून वाळत घातलेल्या धुण्यासारखी दिसते. घड निसवायला आलेले होते. आप्पा बांधावर उभे राहून बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, तुझा व्हिसा कधी आहे. खात्यात पैसे दाखवायचे होते. थोडे कर्ज वाढवून मिळाले, थोडे मामांनी दिले. एका क्रोनरला जवळपास अकरा रुपये पडत. तिथे कॉफी घेताना हा गुणाकार केला की कॉफी घशाखाली उतरत नसे, म्हणून पुढे मी कॉफीच सोडली. गुणाकार काही सुटला नाही.

पहिल्या आठवड्यात ओळखीचा कार्यक्रम होता. फ्रेडरिक्सबर्गमधली शाळेची ती लांबलचक इमारत, खाली सगळं काचेचं, आम्ही वीस-पंचवीस जण गोल करून उभे. नाव सांगायचं आणि गाव सांगायचं. म्युन्स्टर. लियाँ. बर्गन. कोणी नुसतं 'सोल' म्हणालं. माझ्यापर्यंत पाळी येईस्तोवर मी मनात चार उत्तरं जुळवून पुसली. गावाचं नाव घेण्यात अर्थ नव्हता. चोपडा म्हणावं तर आमच्या संस्थेतल्या पुणेकरांनाही ते सांगावं लागे. जळगाव? आणि खान्देश हा शब्द तर नकाशावर छापलेलाच नसतो. तो फक्त आमच्या तोंडात आणि शेवभाजीच्या हॉटेलांच्या पाट्यांवर. मी म्हणालो, "इंडिया. निअर मुंबई." समोरच्या सगळ्या चेहऱ्यांवर ओळख उमटली, कोणीतरी 'बॉलिवूड' म्हणालं, थोडं हसू झालं आणि पुढच्याची पाळी आली. सुटलो.

मुंबईच्या जवळ म्हणजे साडेतीनशे-चारशे किलोमीटर. एवढ्या अंतरात कोपनहेगनहून निघालेला माणूस बर्लिनला पोचतो. आमच्याकडून मुंबईला जायचं म्हणजे आधी एस.टी.ने अमळनेर किंवा जळगाव गाठायचं, तिथून रात्रीची गाडी धरायची, डब्यात दशम्या आणि चटणी. मी स्वतः तोवर मुंबई सहा-सात वेळा पाहिली असेन, त्यातही दोनदा व्हिसाच्या रांगेतून. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं. पाच महिने मी मुंबईच्या जवळचाच राहिलो. पोरं मला तिथल्या लोकलविषयी, झोपडपट्टीविषयी, समुद्राविषयी विचारत आणि मी अधिकारवाणीने उत्तरं देत असे.

घरी फोन रविवारी. आईचा पहिला प्रश्न ठरलेला, "भाकरी भेटे का तठे?" भाकरी मिळत नव्हती. आप्पांना भाव लागत. पेट्रोल काय भाव, दूध काय भाव, मजुरी किती. एका रविवारी त्यांनी केळीचा भाव विचारला. मी आदल्याच दिवशी दुकानात पाहिला होता. तिथे केळी वजनावर नव्हे, नगावर. एक केळं दोन क्रोनरला. लॅटिन अमेरिकेतून जहाजात तेरा-चौदा अंश तापमानावर झोपवून आणलेली, मग बंद खोलीत गॅस देऊन जागी केलेली, एका मापाची, एका रंगाची, प्रत्येक फणीवर निळी चिकटपट्टी. चव जवळपास आपलीच. जात तीच ना, आपल्या बागेतली ग्रँड नैन. टिश्यू कल्चरची रोपं आल्यापासून आमच्याकडे दुसरं कोण काय लावतं? मी सांगितलं, एका केळ्याचे बावीस रुपये. पलीकडे शांतता. आप्पा तोंडी हिशेब करत होते, मला तो ऐकू येत होता. किलोत सहा-सात, म्हणजे किलोला दीडशेच्या आत-बाहेर, म्हणजे क्विंटलला चौदा-पंधरा हजार. आमच्याकडे त्या आठवड्यात क्विंटलला हजाराच्या खाली भाव होता. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "थंडी शे का तठे?"

थंडी होती. पण थंडीपेक्षा अंधार जड गेला. आमच्याकडे उन्हाची तक्रार करायची सवय. मेमध्ये पंचेचाळीसच्या वर पारा गेला की दुपारी बारा ते चार गाव मेल्यासारखं पडतं, कुत्री गटारात बसतात. ऊन कधी हवंहवंसं वाटेल हे त्या आधी कोणी सांगितलं असतं तर त्याला मी वेड्यात काढलं असतं. डिसेंबरात तिथे पावणेचारला सूर्य मावळतो. लेक्चर संपवून बाहेर यावं तर रात्र, आणि सायकलींचे दिवे रांगेने चाललेले. एकदा सकाळी खिडकीतून जमिनीवर उन्हाचा चौकोन पडला. हातरुमालाएवढा होता. मी त्यात पाय ठेवून उभा राहिलो आणि तो सरकेल तसा सरकत गेलो, थेट भिंतीपर्यंत.

अभ्यासाचं म्हणाल तर जड नव्हता, वेगळा होता. प्राध्यापकांना नावाने हाक मारायची. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. 'सर' म्हटलं की ते हसायचे, नुसतं नाव घ्यायला माझी जीभ उचलायची नाही, म्हणून सबंध सत्र मी त्यांना कशानेच हाक मारली नाही, 'एक्सक्यूज मी'वर काढलं. तिथली श्रेणी हा एक स्वतंत्र विनोद आहे. सात पायऱ्या: बारा, दहा, सात, चार, दोन, शून्य, आणि सगळ्यात खाली उणे तीन. माणूस शून्यावर थांबला तर त्याला अजून खाली ढकलायची सोय करून ठेवलीय. तोंडी परीक्षेला समोर आपले शिक्षक आणि बाहेरून आलेला एक परीक्षक, वीस मिनिटं चर्चा, मग तुम्हाला दाराबाहेर उभं करतात, आणि दोन-तीन मिनिटांत आत बोलावून गुण तोंडावर सांगतात. बारावीच्या निकालासाठी अडीच-तीन महिने ताटकळलेल्या माणसाला हे फारच अंगावर येतं. मला स्ट्रॅटेजीत सात मिळाले. फोनवर आप्पा म्हणाले, दहापैकी का? मी म्हटलं, बारापैकी. "मंग कमी पडनात," ते म्हणाले. तिथे सात म्हणजे चांगले समजतात हे त्यांना पटवता आलं नाही, आणि मलाही ते पुरतं पटलेलं नव्हतं.

त्याच स्ट्रॅटेजीच्या वर्गात एक गोष्ट झाली ती अजून टोचते. विषय भारतीय आयटी कंपन्यांचा. पडद्यावर चार-पाच नावं, त्यात विप्रो, समोर लिहिलेलं बंगळुरू. माझा हात आपोआप वर गेला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. मी सांगितलं की ही कंपनी निघाली १९४५ साली, अमळनेरला, आणि संगणकाशी तिचा काही संबंध नव्हता. शेंगदाण्याच्या तेलाचं वनस्पती तूप करायचा कारखाना होता तो. नावातच सगळं आहे, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. १९६६ साली वडील वारले तेव्हा अझीम प्रेमजी एकवीस वर्षांचे, अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होते. शिक्षण टाकून परत आले आणि पुढचं सगळं घडलं. मी भरात होतो. अमळनेरात त्या काळी घेतलेले शेअर ज्यांनी ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिले ती साधीसुधी माणसं आज कोट्यधीश आहेत, हेही सांगितलं. आमच्या गावापासून अमळनेर तापी ओलांडली की तीसेक किलोमीटर. त्या रस्त्याने मी कितीदा एस.टी.ने गेलोय. वर्ग कान देऊन ऐकत होता. प्राध्यापक टेबलाला टेकून उभे होते, त्यांनी कौतुकाने विचारलं, हे अमळनेर कुठे आलं?

मी म्हणालो, "निअर मुंबई."

खाली बसल्यावर कानशिलं गरम झाली. पहिल्या दिवशीचं ठीक होतं, तिथे गर्दी होती, घाई होती. इथे मला कोणी घाई केली नव्हती. पडद्यावर नकाशा लावायला सांगितला असता तर त्यांनी लावला असता.

आमच्या गटात एक डॅनिश पोरगा होता. उंच, गालांवर कायम लाली, बोलायला कमी. गटाचा रिपोर्ट पुरा करायला आम्ही एका रात्री ग्रंथालयात बसलो होतो आणि विषय गावांवर गेला. गटातल्या कोपनहेगनच्या दोन मुलींनी त्याला डिवचलं, तू सांग ना कुठला ते. त्याने गावाचं नाव घेतलं. त्यात मला एकही व्यंजन धड ऐकू आलं नाही. मुली हसल्या. त्याने शांतपणे माझ्या वहीचं पान फाडलं, डेन्मार्क काढला: डावीकडे जटलंडचा जमिनीचा लांब तुकडा, मधे फ्यून, उजवीकडे कोपनहेगनचं बेट. मग उत्तर जटलंडपासून सुरू करून पश्चिम किनाऱ्याने खाली, तिथून वळून दक्षिणेकडच्या बेटांपर्यंत एक जाड बाकदार पट्टा रंगवला. तो पट्टा केळ्यासारखा दिसत होता. "आम्ही इथले," तो म्हणाला. "या भागाला आमच्या देशात सडकं केळं म्हणतात." नोकऱ्या गेल्या, शाळा बंद पडतात, तरुण पोरं निघून जातात, घरं विकायला काढली तर गिऱ्हाईक नाही, म्हणून सडकं. वर्तमानपत्रातसुद्धा तसंच लिहितात.

मी जरा जास्तच हसलो. मग सांगावं लागलं की माझे वडील केळी लावतात.

"मुंबईत?" त्याने विचारलं.

मग नाइलाजाने सगळं काढलं. त्याच कागदाच्या मागे मी महाराष्ट्र काढला, तापी काढली, वरती सातपुडा म्हणून पाच-सहा शिखरं, आणि एक ठिपका. मुंबई कागदाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात गेली. त्याने अंतर विचारलं. ऐकून म्हणाला, "मग मी हॅम्बर्गच्या जवळचा." मी उलट टोला दिला, तसे तुम्ही सगळेच जर्मनीच्या जवळचे. त्याच्या कपाळाला एकदम आठी पडली. आम्ही जर्मनीच्या जवळ नाही, जर्मनी आमच्या जवळ आहे, असं काहीतरी म्हणाला आणि १८६४ सालची लढाई काढली, ज्यात प्रशिया आणि ऑस्ट्रियाने त्यांचा खालचा मुलूख घेतला. दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट तो असा सांगत होता जशी आमच्याकडे माणसं बांधाची भांडणं सांगतात.

ऑक्टोबरात तिथे आठवडाभर सुट्टी असते. तो म्हणाला, घरी चल. आगगाडीने समुद्र ओलांडून, दोन-तीनदा डबे रिकामे होत होत, आम्ही पश्चिम जटलंडला पोचलो. लेमविगच्या बाजूला. वारा एवढा की सगळी झाडं एकाच दिशेला झुकून वाढलेली. पवनचक्क्या ओळीने फिरत होत्या. मला धुळ्याकडचं साक्री, ब्राह्मणवेलच्या टेकड्या आठवल्या. त्याने अभिमानाने सांगितलं की वेस्टास ही पवनचक्क्यांची कंपनी इथल्याच लेम गावची, एका लोहाराच्या दुकानातून निघालेली. आता मुख्य कचेरी आऱ्हूसला गेलीय. मी म्हटलं, आमचीही बंगळुरूला गेली. डोंगर मात्र कुठे नाही. अख्ख्या डेन्मार्कमधली सगळ्यात उंच नैसर्गिक जागा १७१ मीटर भरते. आमचं जळगाव शहरच त्याच्यापेक्षा उंचावर आहे आणि आम्ही त्याला सपाटी म्हणतो! रस्त्याने येताना दोन गावांत ओळीने घरांसमोर विक्रीच्या पाट्या होत्या. एका शाळेच्या मैदानात झोपाळे होते, गवत गुडघाभर वाढलेलं, आणि वाऱ्याने ते झोपाळे आपसूक हलत होते. आखाजीला आमच्याकडे निंबाला झोके बांधतात आणि सासुरवाशिणी माहेरी येऊन गाणी म्हणतात. ते सण संपल्यावर रिकामे लोंबणारे दोर आठवले.

घरी डुकरं होती, काही हजार. आणि मी डुकराचं खात नाही. त्याच्या आईने हे कसं घेतलं असेल देव जाणे, पण तिने माझ्यासाठी मासा केला होता. संध्याकाळी सहालाच जेवण. उकडलेले बटाटे, पातळ पिवळी ग्रेव्ही, आणि रायची काळी पाव-वडी, इतकी घट्ट की चाकू दाबून कापावी लागत होती. आंबूस, खरखरीत. पहिल्या घासाला मला कळण्याची भाकरी आठवली, ज्वारी-उडदाची, तव्यावरून उतरवून वर तेल-तिखट घातलेली. ते मी त्याच्या आईला सांगायला गेलो आणि उडदालाच अडकलो. उडीद म्हणजे काळी डाळ, पण आतून पांढरी, असं काहीसं बोललो. ती आदराने मान डोलवत राहिली. टेबलाच्या मधोमध फळांच्या वाडग्यात चार केळी होती, निळ्या चिकटपट्टीची.

त्याच्या वडिलांना इंग्रजी येत होतं पण ते शब्द तोलून बोलत. हात आप्पांसारखेच, नखांच्या कडा काळ्या. त्यांनी विचारलं, शेती किती. मी चार एकरांचं गणित करून दीड हेक्टर म्हणालो. त्यांनी मुलाकडे पाहिलं. त्यांना वाटलं दीडशे. मुलाने डॅनिशमधून दुरुस्त केलं. ते काही बोलले नाहीत, बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं. मग विचारलं, माल कोण घेतं. व्यापारी. भाव कोण ठरवतं? मी सांगितलं, रोज जाहीर होतो. ते म्हणाले, आमचा दर आठवड्याला जाहीर होतो, आमच्या सहकारी कत्तलखान्याकडून, आम्ही सभासद आहोत, आजोबांपासून. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला: जाहीर होतो तोच भाव तुम्हाला मिळतो?

मी म्हटलं, नाही.

"का?"

सहकारी दुग्धशाळा पहिली निघाली ती १८८२ साली, इथल्याच जटलंडमध्ये, येडिंग नावाच्या खेड्यात; हे आम्हाला वर्गात शिकवलं होतं आणि मी ते परीक्षेत लिहिणार होतो. सहकाराचं सगळं मॉडेल मला चार बाण आणि तीन चौकोनांत काढून दाखवता आलं असतं. पण कापणीला आलेली बाग, व्यापारी फोन उचलत नाही, घड पिकायला लागला तर ट्रकमध्ये दिल्लीपर्यंत टिकणार नाही म्हणून आप्पा जाहीर भावाच्या दोनशे रुपये खाली हो म्हणतात, आणि हो म्हणून झाल्यावर घरात येऊन पायही न धुता पलंगावर बसतात, हे त्या टेबलावर कुठून सुरू करायचं ते मला कळेना. शिवाय आपल्या घरचं उणं परक्याच्या ताटावर कशाला, असंही वाटलं. मी म्हणालो, गुंतागुंतीचं आहे. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग उठले, मला गमबूट दिले आणि गोठ्याकडे घेऊन गेले. तिथे आम्ही दोघं अर्धा तास न बोलता डुकरं पाहत उभे होतो. मला ते फार बरं वाटलं. त्या पाच महिन्यांत एवढं घरी असल्यासारखं मला दुसरीकडे कुठे वाटलं नव्हतं.

जानेवारीत परत आलो. जळगाव स्टेशनवर आप्पा घ्यायला आले होते. आईने बॅगेतून स्वेटर काढून हुंगले आणि धुवायला टाकले. गावात जो तो विचारायचा आणि मीही सुरुवातीला उत्साहाने डेन्मार्क, डेन्मार्क सांगत असे; मग लोकांचे डोळे विझताना दिसायला लागले तसा 'युरोप'वर आलो. पुढे नोकरी लागली. बायोडेटावर त्या सगळ्याची एक ओळ उरली. मुलाखतीत तिच्याविषयी फक्त एकाने विचारलं, त्यालाही तिथे फिरायला जायचं होतं म्हणून. जटलंडवाल्याचा नाताळात निरोप येतो. तो आता कोपनहेगनलाच असतो.

तर पंगत उठली. हात धुवायला निंबाच्या झाडाखाली पिंप ठेवलं होतं, तिथे आप्पा एकटे सापडले. मी विचारलं, लंडन कशाला सांगितलं? त्यांनी चूळ भरली, टॉवेलला तोंड पुसलं. अजिबात गडबडले नाहीत.

"डेन्मार्क कोनले समजस? दहा मिनिट सांगत बसो. लंडन म्हनं का काम भागस."

मग टॉवेल खांद्यावर टाकता टाकता त्यांनी विचारलं, "आनि तू तठे काय सांगे? कोठला म्हने?"

मी पिंपाची तोटी बंद केली. ती थोडी गळत होती, पुन्हा फिरवली.

"मुंबईजोडे."

आप्पा हसले नाहीत. डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं, बाजाराच्या दिवशी एखादा भाव ऐकून पाहतात तसं. "मंग बरोबर शे," म्हणाले आणि मांडवाकडे गेले.

संध्याकाळी आहेर चालू होते. माईकवरून नावं पुकारली जात होती, कूलरमध्ये कोणीतरी एकदाचं पाणी टाकलं होतं. एक मुलगा माझ्याकडे आला, अकरावी-बारावीचा, त्या शिरपूरच्या पाहुण्यांचा नातू असावा. माझ्याशी बोलायला म्हणून त्याने मुद्दाम पुस्तकी मराठी काढली होती. "दादा, तुम्ही लंडनला कोणत्या महाविद्यालयात होतात?" त्यालाही बाहेर जायचं होतं. मला त्याला खरं सांगायचं होतं. मी खुर्ची ओढून त्याला बसवलं, म्हटलं, लंडन नाही. डेन्मार्क. कोपनहेगन. त्याने मोबाईल काढला, नकाशा उघडला, पण मांडवातल्या गर्दीत नेटला रेंज नव्हती; पांढऱ्या पडद्यावर गोल फिरत राहिलं. आम्ही दोघंही त्या गोलाकडे बघत होतो. पलीकडे आप्पा सोफ्यावर बसले होते, पान चघळत, नजर आमच्याकडेच.

"म्हणजे कुठे आलं ते?" पोराने विचारलं.

मी खिशात पेन चाचपलं. नव्हतं.

"जर्मनीच्या जवळ."

"हां, जर्मनी," तो म्हणाला, आणि त्याने मोबाईल खिशात ठेवला.